बळी कोणाचा? : ग्रीक शोकांतिकेतील प्रेम, त्याग आणि मृत्यू

आमच्या निवासी शाळेत सायंकाळची वंदना आणि रात्रीचे जेवण यांच्यामध्ये अर्धा तास मोकळा असतो. त्या वेळात वसतिगृहाच्या ओसरीवर बसून मुलामुलींना इतिहासातील गोष्टी सांगण्याचा आमचा अनेक वर्षांचा प्रघात आहे. कधी सम्राट अशोकाची, कधी रोममधील गुलामांच्या उठावाची. एका पावसाळ्यात आम्ही ओळीने काही दिवस प्राचीन ग्रीक नाटकांच्या कथा सांगितल्या. अखेरची कथा अँटिगनीची होती. ती संपल्यावर नववीतील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, अँटिगनीनं स्वतः जीव दिला. पण परवाच्या गोष्टीतल्या राजकन्येचा जीव तिच्या बापानं घेतला. तुम्ही दोघींनाही 'बलिदान' हाच शब्द वापरलात. असं का?"

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. शिक्षकाने उत्तर ठाऊक नसताना ते ठाऊक असल्याचा आव आणू नये, म्हणून आम्ही "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत. विषय अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमधील नाटकांचा असला, तरी वाचकांना त्यात आपले घर दिसल्याशिवाय राहणार नाही, असा आम्हांस विश्वास आहे.

नगराने एकत्र बसून पाहिलेले दुःख

इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्स नगरात दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिससच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत. तीन कवी निवडले जात व प्रत्येकजण तीन शोकांतिका आणि एक हलकेफुलके नाटक सादर करी. प्रेक्षागृह टेकडीच्या उतारावर उघड्या आकाशाखाली होते आणि हजारो नागरिक सकाळपासून तेथे बसत. एस्किलस, सोफोक्लिज आणि युरिपिडीज हे तिघे या परंपरेतील श्रेष्ठ नाटककार होत. त्यांनी शेकडो नाटके लिहिली. आज त्यांतील तीसबत्तीसच हाती आहेत.

'ट्रॅजेडी' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील 'बोकड' आणि 'गीत' या दोन शब्दांत आहे. तो बोकड स्पर्धेचे बक्षीस होता की वेदीवरचा बळी होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मराठीत आपण 'शोकांतिका' म्हणतो. परंतु अशी सर्वच नाटके शोकात संपत नाहीत. एखादे प्रेम, एखादे कर्तव्य किंवा एखादा हट्ट यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हा या नाटकांतील खरा विषय आहे.

नाटके सुरू होण्यापूर्वी रंगभूमीवर एक विधी होई. नगरासाठी युद्धात मरण पावलेल्यांच्या ज्या मुलांचे संगोपन नगराच्या खर्चाने झालेले असे, ती वयात आल्यावर शस्त्रे धारण करून सर्वांपुढून चालत जात. नगर जणू सांगत असे, तुमच्या वडिलांनी प्राण दिले, आम्ही तुम्हांला वाढविले. आणि त्यानंतर त्याच रंगभूमीवर जी नाटके होत, ती युद्धाचा, राजाज्ञेचा व बलिदानाचा जाब विचारणारी असत. इ. स. पूर्व ४१६-४१५ च्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस या लहान बेटावरील पुरुषांची कत्तल करून तेथील स्त्रियांना व मुलांना गुलाम केले. त्यानंतर अल्पावधीतच, इ. स. पूर्व ४१५ मध्ये, युरिपिडीजने 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक आणले. त्यात जिंकलेल्या नगरातील विधवा आणि माता गुलाम म्हणून वाटल्या जातात. विजेत्यांच्या नगरात, विजेत्यांच्याच डोळ्यांपुढे हे घडत होते.

या नगराचे गुणगान करताना त्याचा दोष झाकणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाही. अथेन्सची लोकशाही गुलामांच्या श्रमावर उभी होती. स्त्रियांना मताधिकार नव्हता, रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका मुखवटे लावून पुरुषच करीत. तरीही या नाटकांत सर्वांत कठीण प्रश्न विचारणारी पात्रे बहुधा स्त्रिया, गुलाम आणि पराभूत लोक आहेत. ज्यांना सभेत तोंड उघडता येत नव्हते, ते नाटकात बोलतात.

वाऱ्यासाठी मुलगी, पाण्यासाठी नातू

त्या मुलीने उल्लेखिलेली राजकन्या म्हणजे इफिजिनिया. ट्रॉयवर स्वारी करण्यासाठी ग्रीकांचे आरमार ऑलिस बंदरात जमले होते, पण वारा अनुकूल होईना. सेनापती अ‍ॅगॅमेम्नॉनला कॅल्कस नावाच्या भविष्यवेत्त्याने सांगितले की, आर्टेमिस देवी रुष्ट आहे आणि तुझी थोरली मुलगी बळी दिल्याशिवाय वारा सुटणार नाही. बापाने मुलीला घरून बोलावून घेतले. निरोप दिला तो लग्नाचा: अकिलीज या वीराशी तुझा विवाह ठरला आहे. मुलगी नवरी म्हणून आली.

एस्किलसने इ. स. पूर्व ४५८ च्या 'अ‍ॅगॅमेम्नॉन' नाटकात या प्रसंगाचे वर्णन केले आहे. त्यात मुलीच्या तोंडात बोळा कोंबला जातो, कारण तिच्या मुखातून घराण्याला शाप निघू नये. युरिपिडीजने आयुष्याच्या अखेरीस हीच कथा पुन्हा लिहिली. त्याची इफिजिनिया आधी बापाच्या पाया पडून जगू द्या म्हणून विनविते आणि नंतर एकाएकी, ग्रीसच्या कीर्तीसाठी मी आनंदाने मरेन, असे म्हणते. सुटकेचे सारे मार्ग बंद झाल्यावर दिलेल्या या संमतीला संमती म्हणावे काय? शेवटी वेदीवर मुलीऐवजी एक हरिणी मरून पडलेली दिसते आणि मुलीला देवीने उचलून नेले असे सांगितले जाते. ते ऐकून आईचा विश्वास बसत नाही.

या कथेसारखीच एक कथा आमच्या आधीच्या पिढीतील बायाबापड्यांना पाठ होती. श्रावणातील शीतला सप्तमीची ती कहाणी. एका राजाने गाव वसविले, तळे खणले, पण तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांनी सांगितले, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाने सुनेला माहेरी धाडले, नातवाला न्हाऊमाखू घातले, दागिने घालून, जेवू घालून तळ्यात निजविले आणि तळे पाण्याने भरून आले. सून परत येताना त्या तळ्यापाशी थांबते, वसा पाळते आणि तिला तिचे मूल परत मिळते.

ऑलिसमध्ये अ‍ॅगॅमेम्नॉनही पत्नीला सांगतो, तू घरी परत जा, बाकीचे मी पाहतो. सुनेला माहेरी पाठविणारा राजा आणि पत्नीला घरी पाठवू पाहणारा सेनापती यांची भाषा वेगळी, देश वेगळे, पण युक्ती एकच. बळी द्यायचा असेल, तर जिच्या मायेला विचारावे लागेल, तिला आधी दूर करायचे. आणि मूल परत मिळाल्याचा गोड शेवट दोन्हीकडे आहे. ऐकणाऱ्याच्या मनाला तो निववितो आणि मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो.

दोन्ही कथांत देव स्वतः समोर येऊन मुलीच्या किंवा मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवीत नाही. देवाची इच्छा दुसराच कोणी सांगतो किंवा ती फक्त राजाच्या कानी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात डेल्फीच्या देववाणीचा उल्लेख केला आहे. रोममधील सामान्य जनांनी स्वतःचा अधिकारी निवडण्याचा हक्क मिळविला, पण त्या अधिकाऱ्यास देववाणीची मान्यता लागे, आणि त्यामुळे उमराव वर्गाला हवा तोच माणूस निवडून येई, असा त्यांचा मुद्दा होता. देवाच्या नावाने कोण बोलतो, हे पाहिल्याशिवाय बळीचा अर्थ कळत नाही.

अल्सेस्टिसचे मौन

इ. स. पूर्व ४३८ मध्ये सादर झालेल्या युरिपिडीजच्या 'अल्सेस्टिस' नाटकात प्रसंग निराळा आहे. राजा अ‍ॅडमिटसचे मरण जवळ आले आहे, परंतु त्याच्या जागी दुसरे कोणी स्वखुशीने मरण्यास तयार झाल्यास तो वाचेल, अशी सवलत अपोलो देवाने त्याला मिळवून दिली आहे. वृद्ध आईबाप नकार देतात. पत्नी अल्सेस्टिस तयार होते. मरण्यापूर्वी ती एवढेच मागते की, मुलांवर सावत्र आई आणू नकोस.

येथे कोणी बोळा कोंबलेला नाही, कोणी फसविलेले नाही. प्रेमापोटी तिने प्राण दिले. म्हणून पुढे अनेकांनी तिला आदर्श पत्नी म्हटले. पण नाटककार तेवढ्यावर थांबत नाही. अ‍ॅडमिटस आपल्या म्हाताऱ्या बापाला भेकड म्हणतो, तेव्हा बाप फेरीस त्याला उलट सुनावतो: मरणाला भिऊन बायकोला पुढे करणारा तू, आणि भेकड मी? सभागृहातील प्रत्येक पुरुषाला तो प्रश्न ऐकू गेला असेल. अ‍ॅडमिटस खरोखर दुःखी आहे, रडतो आहे. पण ज्या क्षणी त्याने पत्नीचा प्राण स्वीकारला, त्या क्षणी तो त्या मृत्यूत सहभागी झाला.

नाटकाच्या शेवटी हेराक्लिस मृत्यूशी झुंज देऊन अल्सेस्टिसला परत आणतो. ती चेहऱ्यावर पदर घेऊन उभी राहते आणि एक शब्दही बोलत नाही. मृतांच्या देवतांचे ऋण फिटेपर्यंत तीन दिवस तिला बोलता येणार नाही, असे कारण दिले आहे. पण नाटक तेथेच संपते. तिला काय वाटले, हे आपल्याला कधीच कळत नाही.

अँटिगनी आणि निरोप आणणारा

सोफोक्लिजचे 'अँटिगनी' इ. स. पूर्व ४४१ च्या सुमाराचे. थीब्ज नगराच्या सत्तेसाठी झगडताना इटिओक्लिस आणि पॉलिनिसिस हे दोन भाऊ एकमेकांच्या हातून मारले जातात. नवा राजा क्रेऑन, त्यांचा मामा, आज्ञा काढतो: नगराच्या बाजूने लढलेल्याला सन्मानाने मूठमाती द्यावी, नगरावर चालून आलेल्याचे प्रेत मात्र कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर टाकावे. त्यास माती देईल त्याला देहान्त शासन. त्यांची बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडते. उघड्या प्रेतावर मूठभर धूळ टाकते.

तिला पकडून राजापुढे आणले जाते तेव्हा ती काही नाकारीत नाही. राजाच्या आज्ञेपेक्षा जुने, कोठेही न लिहिलेले काही नियम आहेत, ते मोडण्याचा अधिकार राजाला नाही, हे तिचे म्हणणे. तिच्याशी विवाह ठरलेला राजपुत्र हेमॉन बापाला समजावतो की, एकाच माणसाच्या मालकीचे असते ते नगर नव्हे. क्रेऑन ऐकत नाही. अँटिगनीला थोडे अन्न ठेवून डोंगरातील गुहेत जिवंत कोंडतात. राजाला उपरती होते तेव्हा उशीर झालेला असतो. अँटिगनीने गळफास घेतला आहे, हेमॉन तिच्या प्रेताशेजारी स्वतःला संपवितो, ते ऐकून राणी प्राण देते. क्रेऑन एकटा उरतो.

या नाटकातील एका गौण पात्राकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. प्रेतावर कोणी तरी माती टाकली, ही बातमी राजाला सांगण्यासाठी एक पहारेकरी येतो. त्याला नाव नाही. पहारेकऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या व हे काम त्याच्या वाट्याला आले. तो भीत भीत, अडखळत, आडवळणाने बोलतो. क्रेऑन त्याच्यावरच लाच खाल्ल्याचा आरोप ठेवतो आणि अपराधी सापडला नाही तर हाल करून मारीन, असे धमकावतो. ग्रीक शोकांतिकेत मृत्यू बहुधा रंगभूमीवर दाखवीत नाहीत. कोणी निरोप्या येऊन तो सांगतो. मृत्यूची बातमी आणणारा हा माणूस जवळजवळ प्रत्येक नाटकात आहे, आणि त्याला बहुधा नाव नसते.

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांस आमचे आजोबा आठवले. गावात कोणी वारले की, परगावच्या नातेवाइकांना सांगावा पोहोचविण्याचे काम महाराचे. रात्र असो की पाऊस, पायी जायचे, दारापासून दूर उभे राहून मरणाची बातमी सांगायची आणि मिळालेली शिळी भाकर घेऊन परत फिरायचे. सरणाची लाकडेही त्यानेच वाहायची आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क'. दुसऱ्यांच्या दुःखाचा भार वाहणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातील मरणाचा सांगावा कोणी पोहोचवीत असेल काय? वतन या गोंडस नावाखाली चाललेली ही सक्तीची चाकरी मोडून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ग्रीक नाटकातील निनावी निरोप्याकडे पाहताना आम्हांस हा इतिहास विसरता येत नाही. शोकांतिका राजघराण्याची असते. तिचे ओझे उचलणारे मात्र वेगळे असतात.

अँटिगनी पुन्हा पुन्हा का येते?

जेथे जेथे राज्यसत्तेने माणसाच्या मनावर पहारा बसविला, तेथे तेथे अँटिगनी पुन्हा लिहिली गेली. फ्रेंच नाटककार जाँ अनुई याचे 'अँटिगनी' १९४४ मध्ये नाझी फौजांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावरील तुरुंगात राजबंद्यांनी हे नाटक केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाने अन्यायी राजाचे काम करून पाहावे, यात मोठे शिक्षण आहे. त्याच तुरुंगावर आधारलेल्या 'द आयलंड' या १९७३ च्या नाटकात दोन कैदी कोठडीत अँटिगनीचाच प्रयोग बसवितात.

मराठी रंगभूमीनेही या परंपरेशी नाते जोडले. पु. ल. देशपांडे यांनी अँटिगनीच्या पित्याची कथा 'राजा ओयदिपौस' या नावाने १९७९ मध्ये मराठीत आणली. डॉ. श्रीराम लागू यांनी मराठी 'अँटिगनी'त क्रेऑन उभा केला. पुढे याच लागूंनी प्रेमानंद गज्वी यांचे 'किरवंत' हे नाटक रंगभूमीवर आणले. अंत्यविधी करतो म्हणून स्वतःच्याच जातीत हीन मानल्या गेलेल्या किरवंत ब्राह्मणाची ती कथा आहे. ते ग्रीक नाटकाचे रूपांतर नव्हे. तरी मृत्यूनंतरही माणसाची प्रतवारी लावणारी समाजरचना हाच त्याचा विषय असल्याने, मराठीतील अँटिगनीच्या सर्वांत जवळचे नाटक आम्हांस ते वाटते. ज्या गावांत स्मशानेही जातवार वाटलेली होती, त्या गावांतील माणसाला अँटिगनीची मूठभर माती समजावून सांगावी लागत नाही.

यवन राजाचा प्रश्न

आता आपल्या परिसराकडे येऊ. भिवंडीजवळचे कल्याण आणि थोडे पलीकडचे सोपारा ही प्राचीन बंदरे. पाश्चात्त्य समुद्राशी येथून व्यापार चाले. आपल्याच तालुक्यात लोनाड येथे बौद्ध लेणे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानांचे लेख कोरलेले आहेत, तर नाशिकच्या लेण्यांतील एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने खोदविले. यवन किंवा योनक म्हणजे ग्रीक वंशाचे अथवा ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोक. 'महावंस' या ग्रंथानुसार तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्त प्रदेशात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रसारासाठी जो भिक्खू पाठविला गेला, त्याचे नाव योनक धम्मरक्खित. ग्रीकांची नाटके या किनाऱ्यावर झाली, असा दावा आम्ही करीत नाही. ग्रीक आणि बौद्ध ही दोन जगे एकमेकांना अनोळखी नव्हती, एवढेच दाखवावयाचे आहे.

या भेटीचे सर्वांत सुंदर स्मारक म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. ग्रीक राजा मिनँडर, पालीतील मिलिंद, भदन्त नागसेनांना प्रश्न विचारतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास 'मिलिंद' हे नाव आणि परिसरास 'नागसेनवन' हे नाव दिले, ते या प्रश्नोत्तरांच्या आठवणीने. त्यातील एक प्रश्न आमच्या विषयाच्या गाभ्याला भिडतो.

वेस्सन्तर जातकाची कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात चितारलेली आहे. राजपुत्र वेस्सन्तर दानशूर. वनवासात असताना त्याने जूजक नावाच्या ब्राह्मणाला आपली दोन मुले, जाली आणि कण्हाजिना, दान दिली. त्या वेळी मुलांची आई मद्दी फळे आणण्यासाठी रानात गेली होती. येथेही आई दूरच आहे. ब्राह्मण त्या लेकरांना वेलीने बांधून, मारीत नेतो. कथेच्या शेवटी मुले आजोबांकडे सुखरूप पोहोचतात आणि कुटुंब पुन्हा एकत्र येते.

मिलिंद राजाचे समाधान गोड शेवटाने होत नाही. तो विचारतो, दान देताना मुलांची संमती होती काय? मुले रडत होती, घाबरली होती. पुण्याची इच्छा धरणाऱ्याने दुसऱ्याला दुःख का द्यावे? द्यायचेच होते, तर त्याने स्वतःला का दिले नाही? नागसेन दाखले देऊन दानाचा हेतू व त्याचे श्रेष्ठ फळ समजावतात. ते उत्तर ज्याने त्याने मुळातून वाचून तोलावे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या परंपरेने वेस्सन्तराला बोधिसत्त्व मानले, त्याच परंपरेने त्याच्याविरुद्धचा हा तीक्ष्ण प्रश्न आपल्या ग्रंथात जपून ठेवला. प्रश्न विचारणाऱ्याला कोणी गप्प केले नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तातही हाच धागा आहे. शेकडो पशू बांधून यज्ञाची तयारी करणाऱ्या ब्राह्मणाला तथागत एका जुन्या यज्ञाची गोष्ट सांगतात. त्यात एकही प्राणी मारला गेला नाही, झाड तोडले गेले नाही, आणि सेवकांना दंडाचा धाक दाखविला गेला नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनी काम केले, ज्यांची नव्हती त्यांनी केले नाही.

त्या मुलीला दिलेले उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठीत 'बळी देणे', 'बळी घेणे' आणि 'बळी जाणे' असे तीन वेगळे प्रयोग आहेत आणि या तिन्हींवर 'बलिदान' हा एकच भारदस्त शब्द पांघरला जातो. अँटिगनीने स्वतःला दिले, आणि तिला ते करू नकोस म्हणणारी बहीणही तिच्याजवळ होती. इफिजिनियाचा बळी घेतला गेला. अल्सेस्टिस या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तिने प्रेमाने दिले, पण तिच्याकडून ते घेणाराही एक होता, आणि तिच्या थोरवीच्या स्तुतीत घेणाऱ्याचा हिशेब बुडून जाऊ नये, एवढी दक्षता नाटककाराने घेतली.

ही दक्षता आपण माता रमाईंविषयी बोलतानाही घेतली पाहिजे. चार अपत्यांचे मृत्यू, परदेशी शिकणारा पती, उपासमारीचा संसार आणि २७ मे १९३५ रोजी अकाली मरण. 'त्यागमूर्ती' म्हणून आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांनी त्यापुढे जाऊन आपला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला आणि पडत्या काळात आपल्यासोबत त्यांनी सोसले, याची जाहीर कबुली दिली. घेणाऱ्याने घेतल्याचे मान्य करणे, ही त्या अर्पणपत्रिकेची थोरवी होय. जयंतीच्या भाषणात रमाईंचा त्याग सांगून घरातील बाईला आणखी सोसावयास लावणे, हा तिचा आदर्श नव्हे.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवीत आहोत, असे कोणी समजू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका हुशार मुलीने नववीनंतर शाळा सोडली. वडील यंत्रमागावर होते, त्यांचे दोन्ही कारखान्यांतील काम सुटले होते, आई आजारी होती आणि धाकट्या भावाचे शिक्षण चालू ठेवायचे होते. ती कांड्या भरण्याच्या कामाला लागली. प्रार्थनेच्या वेळी आम्ही सर्व मुलांपुढे तिच्या त्यागाची प्रशंसा केली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. तिची फी कोणी भरू शकेल काय, भावाऐवजी तिने का थांबावे, तिला स्वतःला काय हवे आहे, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. ती खाली मान घालून उभी होती. आम्ही ते विनय समजलो. अल्सेस्टिसचे नाटक वाचल्यावर ते मौन आम्हांस वेगळे वाटू लागले.

ओसरीवरच्या त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले, "तुझे बरोबर आहे. यापुढे दोघींसाठी एक शब्द वापरणार नाही." तेव्हापासून पालकसभेत कोणा मुलीची शाळा थांबविण्याची गोष्ट निघाली की, आम्ही एक नियम पाळतो. मुलीला बाहेर पाठवीत नाही. तिला आईशेजारी बसवितो आणि पहिला प्रश्न तिलाच विचारतो. कधी उत्तर मिळते, कधी नुसते रडू मिळते, पण बैठक तिच्यासमोर होते. दोन वेळा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मुलींची वर्षे वाचविली. त्यांचे आभार मानण्याची ही योग्य जागा आहे.

कांड्या भरावयास गेलेली ती विद्यार्थिनी आज पस्तिशीची असेल. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर तिने हे वाचावे: त्या दिवशी टाळ्या वाजवून आम्ही चूक केली. तुला विचारावयास हवे होते.